तिघांच्या वाजवण्यात गाणे कुठे असते?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पत्रलेखक 46 वर्षांचे आहेत. मूळचे साताऱ्याचे, गेली 17 वर्षे कॅनडात टोरंटोलगतच्या मिसिसागा येथे राहतात. लहानपणी सात वर्षे तबला शिकले, पुढे नोकरीच्या धावपळीत तो सुटला. चार-पाच वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याबरोबर ते एका क्लबमध्ये गेले आणि तेव्हापासून गिटार, बेस आणि ड्रम्स एवढ्यावरच, गायकाशिवाय रॉक वाजवणाऱ्या तिघांच्या बँडचे कार्यक्रम ऐकण्याचे त्यांना वेड लागले. त्यांची पत्नी भावगीते आणि नाट्यगीते गाते, मंडळाच्या कार्यक्रमांत तिला मान आहे. एकदा ती सोबत आली, पण अर्ध्यातून उठून गाडीत जाऊन बसली. ‘ही बोटांची कसरत आहे, यात गाणे कुठे आहे?’ असे ती म्हणाली, आणि नंतर मंडळातल्या मित्रांसमोरही हेच हसत हसत म्हणाली. पुढच्या महिन्यात अशाच एका कार्यक्रमाची तीन तिकिटे त्यांनी काढून ठेवली आहेत: स्वतःचे, पत्नीचे आणि बेस गिटार शिकणाऱ्या 15 वर्षांच्या मुलाचे. ते विचारतात: ‘मी नुसत्या वेगाला भुललो आहे का? या वयात हा पोरकटपणा ठरतो का? आणि पत्नीला पुन्हा न्यावे की नको?’

उत्तर

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत, पण ‘मित्रांसमोर’ हा शब्द पत्रात तीन ठिकाणी आला आहे. त्याविषयी तुम्ही काहीच विचारलेले नाही, तरी त्याकडे मी येणारच आहे. आधी संगीताविषयी लिहिते, कारण तुमची शंका प्रामाणिक आहे आणि तिचे उत्तर ‘तुम्हाला आवडते ना, मग झाले’ असे देऊन मोकळे होणे मला बरे वाटत नाही.

तुमच्या पत्नीचे म्हणणे सरसकट खोडून काढता येणार नाही. या प्रकारच्या वाजवण्यात कसरत पुष्कळ असते, आणि काही कार्यक्रमांत तिच्यापलीकडे काहीच नसते. मी असे कार्यक्रम ऐकले आहेत, जिथे पहिल्या दहा मिनिटांत थक्क व्हायला झाले आणि पुढचा तास घड्याळाकडे पाहण्यात गेला. आवाज एकदाही खाली आला नाही, कोणी कोणासाठी थांबले नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुणगुणायला दोन सूरही उरले नाहीत. पण तुमच्या पत्रातले एक वाक्य मला वेगळेच काही सांगते. तुम्ही लिहिता की घरी परतताना गाडीत तुम्ही स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरता, आणि तो ड्रमरने वाजवलेला नसतो, तर ‘ड्रमरने जो सोडून दिला, तो’ असतो. नुसत्या वेगाला भुललेला माणूस सोडलेल्या मात्रा लक्षात ठेवत नाही. तुमच्यातला तबला सुटलेला नाही, आणि तुम्ही त्याच्याच कानाने ऐकत आहात, असे मला वाटते.

मला स्वतःला या संगीताची गोडी एका अडचणीच्या क्षणी लागली. मुंबईतल्या एका लहानशा जागेत, साठ-सत्तर माणसांपुढे, तिघे वाजवत होते आणि मी अगदी जवळ उभी होते. एका लांबलचक तुकड्याच्या मध्यावर गिटारवादकाची तार तुटली. त्याच्याकडे दुसरी गिटार नव्हती. तो खाली ॲम्पच्या, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या पेटीच्या, कडेला बसला, खिशातून तार काढली आणि खुंटी पिळू लागला. मला वाटले, आता वाजवणे थांबेल. पण बेसवाल्याने एकवार ड्रमरकडे पाहिले आणि हात गळपट्टीवरून वर सरकवला. आतापर्यंत नुसता पाया धरून असलेला माणूस वरच्या पडद्यांवर एक छोटी, साधी धून वाजवू लागला. ड्रमरने लगेच झांजा सोडल्या आणि स्नेअर या चपट्या ड्रमच्या कडेवर काठीने हलके टिक-टिक करत त्याला जागा करून दिली. दोन-अडीच मिनिटे असे चालले असेल. गिटारवाल्याने तार चढवली, पेडलवर पाय ठेवून आवाज बंद केला आणि मुक्यानेच सूर लावला, उभा राहिला, पण लगेच शिरला नाही. त्याने बेसवाल्याची ती धून दोनदा फिरून येऊ दिली आणि तिसऱ्या वेळी समेवर तीच धून स्वतः उचलली. अख्खी खोली ओरडली. त्या रात्री तिघांनी कितीतरी अवघड गोष्टी वाजवल्या असतील, त्यांतली एकही मला आज आठवत नाही. ती दोन-अडीच मिनिटे मात्र जशीच्या तशी आठवतात.

तिघेच असण्याचे महत्त्व इथे आहे, आणि ते तुमच्या पत्नीला कोणी सांगितलेले नाही. बेसची सर्वांत जाड तार सुमारे 41 हर्ट्‌झला वाजते आणि गिटारची सर्वांत जाड तार त्याच्या बरोबर एक सप्तक वर, सुमारे 82 हर्ट्‌झला. बँडमध्ये दुसरा गिटारवाला किंवा कीबोर्ड असला की मधली जागा कोणीतरी सतत भरून ठेवतो. तिघांच्या बँडमध्ये गिटारवाला लीड, म्हणजे मुख्य धून, वाजवायला वरच्या सप्तकात गेला की ती मधली जागा उघडी पडते. मग बेसवाला दोन-दोन तारा एकदम छेडून किंवा आवाजाला डिस्टॉर्शनची खरखर देऊन ती अर्धवट भरतो, ड्रमर टॉम्स या खोल आवाजाच्या ड्रम्सनी आणि झांजांनी उरलेली भरतो, आणि तरीही थोडी रिकामी राहतेच. स्टुडिओत ही पोकळी दुसरी गिटार वरून मुद्रित करून बुजवता येते, पण रंगमंचावर ती तशीच राहते. त्या उघड्या जागेत तिघांपैकी प्रत्येकाची चूक आणि प्रत्येकाची सूचना सगळ्यांना ऐकू येते. तुम्हाला जे खेचून नेते ते हेच असावे, असा माझा अंदाज आहे.

याची परंपरा पाहिली तर हेच दिसते. 1966च्या जुलैमध्ये इंग्लंडमधल्या विंडसरच्या महोत्सवात गिटारवर एरिक क्लॅप्टन, बेसवर जॅक ब्रूस आणि ड्रम्सवर जिंजर बेकर असे तिघे ‘क्रीम’ या नावाने उभे राहिले तेव्हा त्यांच्याकडे गाणी मोजकीच होती. ती लांबवणे त्यांना भागच होते, आणि ब्रूस व बेकर हे जॅझमधून आलेले असल्याने त्यांना ते जमतही होते. ‘स्पूनफुल’ हे जुने ब्लूज गाणे त्यांनी स्टुडिओत साडेसहा मिनिटांत वाजवले. 1968मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत श्रोत्यांसमोर तेच जवळजवळ 17 मिनिटे चालले. त्या वाढलेल्या दहा मिनिटांत शब्द नाहीत. तिथे गाणारा माणूस गप्प होतो आणि तिघेही सारख्याच अधिकाराने बोलू लागतात. पुढे ज्यांनी गायकच ठेवला नाही त्यांनी, माझ्या समजुतीप्रमाणे, त्या दहा मिनिटांतच घर बांधले.

सगळ्यांची घरे एकसारखी नाहीत, हेही लक्षात घ्या. सॅन डिएगोचे ‘अर्थलेस’ घेतले तर एकेक तुकडा वीस-वीस मिनिटे एकाच साध्या चक्रावर फिरत राहतो आणि ऐकणाऱ्याला हळूहळू तंद्री लागते. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला ‘द ॲरिस्टोक्रॅट्स’ आहेत. 2011च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम येथे वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनाच्या निमित्ताने इंग्लंडचा गथ्री गोव्हन, अमेरिकेचा ब्रायन बेलर आणि जर्मनीचा मार्को मिनेमन हे तिघे एकाच कार्यक्रमापुरते एकत्र आले, आणि तो इतका रंगला की त्याच वर्षी त्यांचा पहिला अल्बम आला. त्यातल्या नऊ रचना तिघांनी तीन-तीन अशा वाटून घेतल्या आहेत. पुढच्या वर्षी सॅन पेद्रोतल्या एका लहान सभागृहात त्यांनी थेट कार्यक्रम मुद्रित केला. दोन्हींत सामाईक असलेली एखादी रचना लागोपाठ ऐका. कोण कोणाला कुठे चकवतो आणि दुसरा ते कसे झेलतो, हे तुमच्या तबल्याच्या कानाला लगेच कळेल.

आता शब्दांकडे येते. शब्द नाहीत म्हणजे भाव नाही, हे गृहीतक तुमच्या पत्नीच्या बोलण्यात आहे, आणि मला वाटते की तुमच्याही मनात ते कुठेतरी बसले आहे, नाहीतर तुम्ही इतके ओशाळला नसता. पण ती स्वतः नाट्यगीत गाताना आलापात शिरते तेव्हा शब्द मागेच राहतात ना? लग्नाच्या दारात सनई वाजते तेव्हा तिथे कोणते शब्द असतात? गायक नसणे ही उणीव आहे असे या क्षेत्रातल्या लोकांनाही वाटत आले आहे. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या ‘कर्मा टू बर्न’ या तिघांच्या बँडला त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने गायक घ्यायला लावला होता. 1997चा त्यांचा पहिला अल्बम तसाच, गायकासह निघाला. नंतर त्यांनी गायक सोडला, शब्द सोडले, इतकेच काय, रचनांना नावे देणेही सोडून नुसते आकडे दिले. मला त्यांचे नंतरचे वाजवणे जास्त आवडते.

आणि एक उदाहरण तुमच्या गावचेच आहे. ‘रश’ हा टोरंटोचा बँड तसा गाणारा, पण 1981च्या ‘मूव्हिंग पिक्चर्स’ या अल्बममध्ये त्यांची एक शब्दविरहित रचना आहे, तिचे नाव ‘वाय वाय झेड’. तुम्हाला हे ठाऊकच असेल की ती टोरंटोच्या पिअरसन विमानतळाची खूण आहे. साताऱ्याहून कोणी आले की त्यांच्या बॅगेला लावलेल्या पट्टीवर तीच तीन अक्षरे असतात. विमानांना वाट दाखवणारा तिथला संकेत ही अक्षरे मोर्स लिपीत सतत टिपटिपत असतो, आणि तोच ठेका तिघांनी रचनेच्या आरंभी घेतला. आता पत्नीबरोबर बसून एवढेच करून पाहा. मोर्समधल्या रेघेला गुरू समजा, म्हणजे दोन मात्रांचा ‘गा’, आणि टिंबाला लघू, म्हणजे एका मात्रेचा ‘ल’. वाय म्हणजे रेघ, टिंब, रेघ, रेघ. झेड म्हणजे रेघ, रेघ, टिंब, टिंब. तेव्हा ‘वाय वाय झेड’ची लगावली होते: गालगागा, गालगागा, गागालल. सात, सात आणि सहा, एकूण वीस मात्रा. रचनेत रेघेला टिंबाच्या बरोबर दुप्पट वेळ दिलेला आहे, त्यामुळे हा हिशेब तंतोतंत बसतो. तुमच्या पत्नीने मराठी गझल गायली असेल तर गालगागा तिच्या जिभेवर असणारच. पहिले घंटेसारखे टोल ती हातावर मोजू लागली की मग तिला ही कसरत वाटणार नाही, निदान तिच्या ओळखीची कसरत वाटेल. पुढे बेस आणि ड्रम्स आळीपाळीने थोड्या थोड्या मात्रा वाटून घेतात, तो तर सरळ सवाल-जवाबच आहे.

याच रचनेची आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 23 नोव्हेंबर 2002 रोजी ब्राझीलमधल्या रिओच्या मारकाना मैदानावर सुमारे 40,000 माणसांपुढे ‘रश’ने ती वाजवली. त्या कार्यक्रमाचे मुद्रण उपलब्ध आहे. त्यात हजारो लोक उड्या मारत त्या धूनेवर ‘ओ ओ’ करून गातात. रचनेला शब्दच नाहीत, म्हणून त्यांनी सूरच गायले. पोर्तुगीज बोलणाऱ्या त्या लोकांना इंग्रजी येत असो वा नसो, तिथे काहीच अडत नव्हते. ‘यात गाणे कुठे आहे’ या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगले उत्तर नाही.

एवढे सगळे कळूनही तुमच्या पत्नीला ते आवडणार नाही, असे होऊ शकते, आणि ते तुम्ही स्वीकारायला हवे. 18 जून 1967 रोजी कॅलिफोर्नियातल्या माँटेरीच्या महोत्सवात दुपारी पंडित रविशंकर वाजवत होते, सोबत तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. त्याच रात्री त्याच मंचावर रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने आपल्या दोन साथीदारांसह वाजवले आणि शेवटी गिटार पेटवून दिली. पंडितजींना हेंड्रिक्सची ताकद दिसत होती, पण वाद्य जाळणे त्यांना सहन झाले नाही. त्यांचा कान कोता होता असे कोण म्हणेल? वाद्याला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या घरातून ते आले होते. तुमच्या पत्नीच्या नाराजीतही अशी काही जपलेली गोष्ट असू शकेल. तिला काय खुपले, ते तुम्ही कधी विचारलेत का? आवाज खुपला, इतका वेळ उभे राहणे खुपले, बिअरचा वास खुपला, की तुम्ही तिच्या शेजारी असूनही तेवढ्या वेळात तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही, हे खुपले? पत्रात तुम्ही तिचे एक वाक्य दिले आहे, पण त्यावर तुम्ही तिला काय म्हणालात, ते कुठेच नाही.

म्हणून त्या न विचारलेल्या प्रश्नाकडे येते. मित्रांसमोर ती हसत बोलली आणि तुम्हीही हसलात, असे तुम्ही लिहिता. तो अपमान तुम्ही गिळलात आणि मग तीन तिकिटे काढलीत. मला शंका आहे की त्यांतले तिचे तिकीट हे निमंत्रण कमी आणि उत्तर जास्त आहे. तसे असेल तर ते तिकीट तिला देऊ नका. त्याऐवजी साध्या शब्दांत सांगा की ‘तू चौघांत म्हणालीस ते मला लागले’. बहुतेक वेळा समोरच्याला ते लागले आहे हे माहीतच नसते. आणखी एक, रागावू नका. तुम्ही ओघात लिहून गेला आहात की तिच्या तालमीला तुम्ही तिला गाडीने सोडता आणि संपेपर्यंत जवळच्या कॉफीच्या दुकानात बसता. ज्या माणसाला तीन वादक एकमेकांचे कसे ऐकतात ते पाहण्यासाठी तासभर गाडी चालवत जावेसे वाटते, त्याने एकदा त्या तालमीत आत जाऊन बसावे, पेटीवाला तिच्या श्वासासाठी कुठे थांबतो ते पाहावे, असे मला मनापासून वाटते. जमले तर तिथला तबला एखाद्या दिवशी मांडीजवळ ओढा.

पत्नीला न्यायचे की नाही, हे तिलाच ठरवू द्या, पण तिला ठरवता येईल इतकी माहिती आधी द्या. तिच्यासाठी आणि अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांसाठी सांगते की सुरुवात क्लबमधून करू नये, घरातून करावी, आणि कमी आवाजात, वीस मिनिटांपुरतीच. तुमच्या घरासाठी मी 27 नोव्हेंबर 1989 रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये मुद्रित झालेला गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांच्या त्रयीचा कार्यक्रम सुचवीन. काटेकोरपणे पाहिले तर तो रॉक नव्हे, कारण गिटार ध्वनिक आहे आणि बाज जॅझचा आहे. पण त्यात काई एक्हार्ट बेसवर आणि त्रिलोक गुर्टू तालवाद्यांवर आहेत. त्रिलोक हे मुंबईचे, ठुमरीच्या थोर गायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव, आणि ते तबल्याचे बोल तोंडाने म्हणू लागतात तेव्हा तुम्हा दोघांनाही एकाच क्षणी ओळख पटेल. वाजवताना ते थाळीसारखे धातूचे तास आणि घंटा बादलीभर पाण्यात बुडवून त्यांचा नाद वाकवतात. त्यांच्या कार्यक्रमाचे चित्रण मिळाले तर ते जरूर दाखवा.

क्लबमध्ये जायचे ठरले तर कानांची सोय आधी करा, तुमच्या स्वतःच्याही. जागतिक आरोग्य संघटनेने 2022मध्ये अशा जागांसाठी सरासरी 100 डेसिबलची वरची मर्यादा सुचवली आहे, आणि लहान खोलीत ड्रम्सच्या जवळ उभे राहिल्यास ती ओलांडणे कठीण नसते. फोमचे बोळे उंच सूर जास्त दाबतात, त्यामुळे सगळे गोधडीखालून ऐकल्यासारखे वाटते. संगीतकारांसाठीचे फिल्टरचे बोळे मिळतात, ते घ्यावेत. गाणाऱ्या व्यक्तीला हा फरक चटकन कळतो. उभे राहण्याची जागा साउंड डेस्कच्या, म्हणजे आवाज सांभाळणारा तंत्रज्ञ बसतो त्या टेबलाच्या, आसपास धरा. पुढे अगदी रंगमंचाला चिकटून गिटारच्या ॲम्पचा आवाज बाणासारखा अंगावर येतो आणि बेस मात्र पुरता ऐकू येत नाही, म्हणजे तिघांपैकी एक जण हरवतो. बसायची सोय आहे का ते आधी फोन करून विचारा, जेवून जा, आणि तिने ‘निघू या’ म्हटले तर तुम्हीही निघाल, हे घरूनच ठरवून ठेवा. तिने पुन्हा एकटीने गाडीत जाऊन बसावे, असे होऊ देऊ नका.

मुलाविषयी थोडेच सांगते. त्याला न्या, पण त्याला पंच करू नका. ‘बघ, तुझ्या आईला हे कळत नाही’ असे एक वाक्यही त्याच्या कानावर पडले तर त्याच्यासाठी ते वाजवणे कायमचे नासेल. तो बेस शिकतो आहे, तेव्हा गिटारवाला रंगात आला की त्याचे लक्ष बेसवाल्याच्या हाताकडे जाईलच. मधे बोलू नका, परतताना तो जे सांगेल ते ऐका. मात्र ऑन्टॅरिओत दारू देणाऱ्या बऱ्याच ठिकाणी कार्यक्रमाला 19 वर्षांखालच्यांना प्रवेश नसतो, आणि कोणता कार्यक्रम सर्व वयांसाठी आहे ते तिकिटावर छापलेले असते. त्याला काही सांगण्याआधी काढून ठेवलेले तिकीट पाहून ती ओळ वाचा. प्रवेश नसेल तर त्याचे तिकीट परत करता येते का ते आत्ताच विचारा, आणि तुमचे स्वतःचे तिकीट मात्र ठेवा.